मांजराच्या ताटलीतले पाणी

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

या वेळी मांजरांच्या आहाराविषयी नाशिकहून तीन पत्रे आली आहेत आणि तिन्हींचा विषय जवळपास एकच असल्यामुळे ती एकत्र घेत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. त्यातला मोठा भाग पुढच्या दोन्ही वाचकांनाही उपयोगी पडेल, म्हणून त्यांनी तोही वाचावा.

प्रश्न : स. न. वि. वि. मी इंदिरानगरमध्ये राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्याकडे दोन मांजरे आहेत. बाळ्या हा बोका पाच वर्षांचा आहे, त्याची नसबंदी झाली आहे आणि त्याचे वजन साडेसहा किलो भरते. मनी बारा वर्षांची आहे आणि गेल्या काही महिन्यांत ती बारीक होत चालली आहे. दोघांना मी आजवर कोरडे दाणेच देत आले. वाटी दिवसभर भरलेली असते. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो खातो. सूनबाई म्हणतात की कोरड्याने मूतखडा होतो, म्हणून पाउचमधले ओले खाणे द्यावे. मुलाचे म्हणणे असे की ओल्याने दात खराब होतात आणि शिवाय तो खर्च झेपणारा नाही. दुकानदार सांगतात की दाणे म्हणजे पूर्ण आहार, त्यावर काहीच लागत नाही. बाळ्याला एकदा पाउच दिले, तर त्याने नुसता रस्सा चाटला आणि तुकडे तसेच ठेवले. मी कोणाचे ऐकावे? — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : नमस्कार. तुमच्या घरातल्या प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडेबहुत तथ्य आहे, आणि दुकानदारही अगदी चुकीचे सांगत नाहीत. परंतु कोरडे आणि ओले या दोन खाद्यांतला सर्वांत मोठा फरक पाण्याचा आहे, आणि त्याचा विचार केल्याशिवाय बाकीच्या मुद्द्यांना त्यांची योग्य जागा सापडत नाही.

आपल्या घरातले मांजर ज्या रानमांजराच्या वंशातले आहे, ते उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रुक्ष प्रदेशात राहणारे जनावर. तिथे पाणवठे दूर आणि थोडे. त्यामुळे हे जनावर पाण्यासाठी मुख्यतः भक्ष्यावर अवलंबून राहिले. उंदराच्या शरीरात ६५ ते ७० टक्के पाणी असते, म्हणजे उंदीर खाल्ला की जेवण आणि पाणी दोन्ही एकदमच मिळते. अशा जगण्यातून मांजराच्या मूत्रपिंडांना मूत्र अतिशय घट्ट करून पाणी वाचवण्याची मोठी ताकद आली, आणि तहानेची जाणीव मात्र मंद राहिली. कुत्रा तहान लागली की भांड्यावर तुटून पडतो. मांजर तसे करत नाही. शरीरात पाणी थोडे कमी असले तरी ते शांत बसून राहते, आणि मालकाला वाटते की सगळे ठीक आहे.

आता आकडे पाहू. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागते. त्यात खाण्यातून मिळणारे आणि पिण्यातून मिळणारे दोन्ही आले. कोरड्या दाण्यांत पाण्याचा अंश ६ ते १० टक्के, तर ओल्या खाद्यात ७५ ते ८२ टक्के असतो. दिवसभराची भूक दाण्यांवर भागवायची तर चार किलोच्या मांजराला ५५ ग्रॅमच्या आसपास दाणे पुरतात, आणि त्यांतून मिळणारे पाणी जेमतेम चमचाभर. तीच भूक ओल्या खाद्यावर भागवायची तर ८० ग्रॅमची सुमारे तीन पाउचे लागतात, आणि त्यांत १९० मिलिलिटर पाणी आपोआप पोटात जाते. दाणे खाणारे मांजर भांड्यातले पाणी जास्त पिते हे खरे. तुम्हीही बाळ्याला पाणी पिताना पाहत असाल आणि निश्चिंत होत असाल. तरीही ते पिऊन एवढी तूट भरून काढत नाही, आणि दिवसअखेर त्याच्या शरीरात गेलेले एकूण पाणी ओले खाणाऱ्या मांजरापेक्षा कमीच भरते.

कमी पाणी म्हणजे कमी आणि घट्ट लघवी. बाळ्यासारख्या नसबंदी झालेल्या, वजनदार, घरातच राहणाऱ्या बोक्याच्या बाबतीत मला नेमकी याचीच काळजी वाटते. कोरड्याने मूतखडा होतो असे सरसकट म्हणणे बरोबर नाही, कारण दाण्यांवर आयुष्य काढून कधीही त्रास न झालेली मांजरेही पुष्कळ आहेत. मूत्रमार्गाचा त्रास होणाऱ्या निम्म्याहून अधिक मांजरांत खडा सापडतच नाही. मूत्राशयाला सूज आलेली असते, आणि त्यामागे ताण, लठ्ठपणा, आळसावलेली दिनचर्या अशी अनेक कारणे एकत्र आलेली असतात. परंतु ज्या मांजरांना असा त्रास एकदा झाला आहे, त्यांना ओल्या खाद्यावर ठेवले तर तो पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी होते. खडे झालेच तर त्यांचे दोन प्रकार मुख्यत्वे आढळतात. स्ट्रुव्हाइटचे खडे योग्य औषधी आहाराने विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे आहाराने विरघळत नाहीत, ते बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावे लागतात. मूत्र पातळ राहिले तर दोन्ही प्रकारांत क्षार साचण्याला आळा बसतो, आणि मूत्र पातळ राखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जेवणातूनच पाणी देणे.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण ती माहीत नसल्यामुळे मांजरे दगावतात. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो आणि क्षारांच्या बारीक कणांनी किंवा चिकट स्रावाने तो पूर्ण बंद होऊ शकतो. असा बोका पुन्हा पुन्हा लिटर ट्रेमध्ये, म्हणजे त्याच्या शी-लघवीसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये, जाऊन बसतो, कुंथतो, कण्हतो, शेपटीखालचा भाग चाटत राहतो, पण थेंबही येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बोका आणला गेला. तो आदल्या सकाळपासून असा कुंथत होता आणि घरच्यांनी बद्धकोष्ठ समजून त्याला दुधातून इसबगोल दिले होते. ती माणसे त्याच्यावर अतिशय माया करणारी होती. रात्रभर त्याच्याजवळ बसून होती. त्याचे पोट चाचपले तेव्हा मूत्राशय लिंबासारखे टणक लागले. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम साचत जाते आणि ते हृदयाचे ठोके बिघडवते. चोवीस तासांनंतर प्रत्येक तास महत्त्वाचा असतो. कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्याची नळी, घालून आणि सलाईन लावून तो वाचला, पण तीन दिवस आम्हाला त्याची खात्री देता येत नव्हती. बाळ्या कधीही असा कुंथताना दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, रात्र असली तरी, त्याला पशुवैद्याकडे न्यावे. माझ्या अनुभवात अशी मांजरे थंडीत जास्त येतात. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या सुरू होतात त्या दिवसांत मांजरे अंग चोरून एका जागी बसून राहतात आणि पाण्याच्या भांड्याकडे आणखी कमी फिरकतात.

आता बाळ्याच्या वजनाकडे वळते. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात आणि १०० ग्रॅम ओल्या खाद्यात ८० ते १००. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाकाठी २०० किलोकॅलरी पुरतात. वाटी सतत भरलेली असली आणि मांजराने सहज शंभर ग्रॅम दाणे खाल्ले, तर ते जवळपास दोन दिवसांचे जेवण झाले, आणि शंभर ग्रॅम दाणे म्हणजे पाहायला अगदी थोडे. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज घटते, म्हणून बोके चारपाच वर्षांत असे भरतात. दाण्यांचा आणखी एक मुद्दा आहे. पिठाचा लगदा दाबाखाली आणि उष्णतेत यंत्रातून काढून हे दाणे बनवतात आणि त्यांना आकार यावा म्हणून त्यांत मका, तांदूळ, गहू, वाटाणा यांसारखे पिष्टमय पदार्थ घालावेच लागतात. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारे अमायलेज नसते. शिजवलेले पिष्ट त्याच्या आतड्यात बऱ्यापैकी पचते, त्यामुळे त्याला विष ठरवण्याचे कारण नाही. तरी त्याला त्याची गरजही नसते. लठ्ठ मांजरांना मधुमेहाचा धोका वाढतो, आणि मधुमेह झालेल्या मांजरांना आम्ही शक्यतो कमी पिष्टाच्या ओल्या खाद्यावर आणतो.

तुमच्या मुलाने दातांचा मुद्दा काढला आहे. ही समजूत इतकी पक्की रुजली आहे की काही वर्षे मीही ती खरी मानत होते. मांजर साधा दाणा टोकाच्या दातांनी फोडते किंवा सरळ गिळते. हिरडीच्या कडेला, जिथे कीटण धरते, तिथपर्यंत तो घासतच नाही. आपण चिवडा खाल्ला म्हणून आपले दात घासले जात नाहीत, तसेच हे. दातांसाठी खास बनवलेले मोठे, तंतुमय दाणे मिळतात आणि त्यांचा काही उपयोग होतो, पण नेहमीच्या दाण्यांचा तो गुण नाही. दातांची काळजी असेल तर मांजरांसाठीच्या टूथपेस्टने दात घासण्याची सवय लावावी, माणसांची पेस्ट वापरू नये, आणि वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावे. ओले खाद्य बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही.

खर्चाचा मुद्दा मात्र अगदी खरा आहे आणि तो मला मोडीत काढायचा नाही. मासिक निवृत्तिवेतनावर दोन मांजरांना दिवसाला सहा-सात पाउचे देणे सर्वांना जमणार नाही, आणि ते जमले नाही म्हणून कोणी आपल्या मांजरावर कमी प्रेम करतो असे होत नाही. मात्र पाकिटाच्या किमतीची तुलना वजनावर न करता पोषणावर करावी : पाकिटावर १०० ग्रॅममागे किती किलोकॅलरी आहेत ते पाहावे आणि दिवसाच्या गरजेला किती पैसे पडतात ते काढावे. ओले तरीही महाग पडेल, पण किती महाग ते नेमके कळेल आणि मधला मार्ग आखता येईल. चार किलोच्या मांजरासाठी रोज एक पाउच आणि ३५ ग्रॅम दाणे दिले तरी सुमारे २०० किलोकॅलरी होतात. पाउचवर दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून ते पातळ केले तर पाण्यात आणखी भर पडते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. दाणे कोमट पाण्यात भिजवून दिले तरी चालतात, फक्त ते तासाभरात न खाल्ल्यास टाकून द्यावेत.

पाकिटावरचा मजकूर वाचताना प्रथिनांच्या आकड्याने फसगत होते. दाण्यांच्या पाकिटावर प्रथिने ३० टक्के लिहिलेली असतात आणि पाउचवर ९ टक्के. साहजिकच वाटते की पाउचमध्ये काही नाही. पण दोन्हींतले पाणी वजा करून पाहा. दाण्यांत १० टक्के पाणी असेल तर उरलेल्या ९० भागांत ३० भाग, म्हणजे ३३ टक्के प्रथिने झाली. पाउचमध्ये ८२ टक्के पाणी असेल तर उरलेल्या १८ भागांत ९ भाग, म्हणजे ५० टक्के. याहूनही महत्त्वाचे म्हणजे पाकिटावर ‘संपूर्ण आणि संतुलित’ अशा अर्थाचे वाक्य आणि ते कोणत्या वयासाठी आहे हे लिहिलेले असावे. तसे नसून ‘पूरक’ लिहिलेले असेल, तर तो खाऊ आहे, जेवण नव्हे. लांबट पुड्यांतले चाटण आणि नुसत्या मासळीच्या तुकड्यांचे डबे बहुधा याच प्रकारात मोडतात. तुमचे दुकानदार दाण्यांना पूर्ण आहार म्हणतात ते या अर्थाने बरोबर आहे. चांगल्या दाण्यांत मांजराला लागणारी सर्व पोषकद्रव्ये असतात. पाणी तेवढे नसते.

बाळ्याने रस्सा चाटून तुकडे सोडले यात त्याचा हट्ट कमी आणि सवयीचा भाग जास्त आहे. मांजराला खाण्याच्या चवीइतकाच त्याचा पोत महत्त्वाचा वाटतो, आणि लहानपणी जो पोत तोंडात बसला तोच त्याला जेवण वाटतो. पाच वर्षे दाणेच ओळखणाऱ्या बोक्यासमोर एके दिवशी मऊ तुकडे आले, तर तो ते खाद्य म्हणून ओळखणारच नाही. म्हणून पहिले काम म्हणजे भरलेली वाटी उचलणे. आठवडाभर दाणेच द्यावेत, पण सकाळ, संध्याकाळ आणि रात्री झोपण्यापूर्वी मोजून, आणि अर्ध्या तासाने उरलेले उचलून ठेवावे. जेवणाला वेळ असतो हे त्याला समजले की दुसऱ्या आठवड्यात दाण्यांच्या शेजारी वेगळ्या बशीत चमचाभर ओले ठेवावे. तुकड्यांऐवजी मऊ वाटलेला, लापशीसारखा प्रकार आणून पाहावा. त्यावर दाण्यांचा चुरा भुरभुरावा. फ्रिजमधले असल्यास गरम पाण्याच्या वाटीत ठेवून अंगाच्या उबेइतके कोमट करावे, कारण वास उठल्याशिवाय मांजर तोंड लावत नाही. त्याने स्वीकारले की दर दोन-तीन दिवसांनी दाणे थोडे कमी आणि ओले थोडे जास्त करत जावे. एरवी असा बदल सात ते दहा दिवसांत होतो. बाळ्याला महिना लागला तरी घाई करू नये.

एक सक्त सूचना. ‘भूक लागली की झक मारत खाईल’ हा उपाय माणसांच्या मुलांनाही बरा नाही, आणि लठ्ठ मांजराच्या बाबतीत तो जिवावर बेततो. अशा मांजराने दोन-तीन दिवस खाल्ले नाही तर अंगातली चरबी यकृताकडे धाव घेते आणि तिथे साचून यकृत निकामी होऊ लागते. बाळ्याने चोवीस तास काहीच खाल्ले नाही, तर त्याचे नेहमीचे दाणे परत द्यावेत. तेही नाकारले तर पशुवैद्याला दाखवावे. वजन उतरवतानाही आठवड्याला साधारण एक टक्का, म्हणजे त्याच्या बाबतीत ६०-६५ ग्रॅम, एवढाच वेग असावा.

मनीच्या बाबतीत मी खाद्याचा निर्णय आज सांगणार नाही. बारा वर्षांची मांजरी न कळत बारीक होत चालली असेल, तर आधी तिचे रक्त आणि लघवी तपासावी. मूत्रपिंडांचा जुनाट आजार, थायरॉइड ग्रंथीची वाढलेली क्रिया, मधुमेह आणि दुखरे दात ही या वयात वजन घटण्याची नेहमीची कारणे आहेत, आणि प्रत्येकाचा आहार वेगळा. ती पूर्वीपेक्षा जास्त पाणी पीत असेल किंवा ट्रेमधल्या वाळूत लघवीने बनणारे गोळे मोठे झाले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मूत्रपिंडे कमजोर निघाली तर कमी फॉस्फरसचे औषधी खाद्य सुचवले जाईल आणि ते ओल्या रूपात मिळाले तर अधिक चांगले. तोवर तिचे ताट बाळ्यापासून वेगळ्या खोलीत वाढा. एकाच वाटीतून दोघे खातात तेव्हा कोण किती खाते हे कोणालाच कळत नाही, आणि तुमच्या घरी बहुधा हेच झाले आहे : मनीचा वाटा बाळ्याच्या अंगावर दिसतो आहे.

साठवणुकीविषयी थोडे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत ओले खाद्य ताटलीत तासाभराहून अधिक ठेवू नये. उघडलेले पाउच झाकणाच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. दाणे त्यांच्या मूळ पिशवीतच, तोंड घट्ट बंद करून, डब्यात ठेवावेत. त्यांच्यावर चढवलेली चरबी हवा लागून खवट होते, म्हणून उघडलेली पिशवी महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच घ्यावी. पावसाळ्यात सुटे दाणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. मुंग्यांचा त्रास असेल तर ताटली पाणी भरलेल्या परातीत ठेवावी.

प्रश्न : आमचे घर पंचवटीत आहे आणि घरात मांस-मच्छी अजिबात चालत नाही. गच्चीवर येणारी एक मांजरी आता आमचीच झाली आहे. आम्ही तिला दूध-पोळी, दूध-भात आणि कधी पनीर देतो. ती आनंदाने खाते. तिला शाकाहारीच ठेवता येईल का? नाही तर कोरडे आणावे की ओले? आमच्या सासूबाईंना वासाचा त्रास होतो. — एक वाचक, पंचवटी

उत्तर : तुमची अडचण मी समजू शकते आणि ती हलकी समजत नाही, कारण नाशिकमधल्या अनेक घरांतून मला हाच प्रश्न येतो. तरी उत्तर स्पष्ट द्यावे लागेल : दूध-पोळीवर मांजर जगताना दिसते, पण आतून झिजत जाते.

मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य आहारातूनच मिळावे लागते. त्याचे शरीर ते पुरेसे बनवू शकत नाही आणि वनस्पतींत ते जवळपास नसतेच. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन अंधत्व येते आणि हृदयाचे स्नायू ताणले जाऊन हृदय फुगते. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवून दिले की मांजरांतल्या या हृदयविकारामागे टॉरिनची कमतरता आहे आणि ते वेळीच दिल्यास हृदय सुधारते. त्यानंतर तयार खाद्यांतले टॉरिनचे प्रमाण वाढवले गेले. जीवनसत्त्व ‘अ’चेही तसेच आहे. गाजरातल्या कॅरोटीनपासून आपण ते बनवतो. मांजराला ते जमत नाही, त्याला ते प्राणिज पदार्थांतून तयारच मिळावे लागते. आणि बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. मांजरी दूध आवडीने पिते आणि तिची शी पातळ होत राहते, हे तुम्ही कदाचित पाहिले असेल.

तुम्हाला घरात मांस शिजवायचे कारण नाही. तुमच्यासारख्या घरासाठी मी कोरड्या दाण्यांपासून सुरुवात करण्यास सुचवते. त्यांना वास कमी येतो, हात लावावा लागत नाही आणि गच्चीवर किंवा बाल्कनीत वेगळी ताटली, वेगळा चमचा ठेवून ते देता येतात. पिशवी मांजरांसाठीचीच असावी. कुत्र्यांचे खाद्य मांजराला पुरे पडत नाही. पाण्याची उणीव भरून काढण्यासाठी दाणे कोमट पाण्यात भिजवा, आणि पसरट, रुंद तोंडाची पाण्याची दोन-तीन भांडी खाण्याच्या ताटलीपासून दूर, वेगवेगळ्या जागी ठेवा. पुष्कळ मांजरांना खाण्याजवळचे पाणी आवडत नाही. सासूबाईंची हरकत नसेल तर आठवड्यातून काही दिवस गच्चीवरच एखादे पाउच उघडून द्यावे आणि रिकामे पाउच लगेच बाहेर टाकावे. पोळी एकदम बंद केली तर ती रुसेल. दाण्यांचे प्रमाण दहाएक दिवसांत वाढवत न्या. पनीराचा बोटाएवढा तुकडा लाडाने द्यायला हरकत नाही.

प्रश्न : पावसात भिजलेले साधारण दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणले आहे. घरात जे असते तेच, म्हणजे चिकनचा रस्सा-भात आणि सुकट, त्याला देतो. तयार खाद्य आणायचे तर कोणते? — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : दोन्ही आणा, आणि पाकिटावर ते पिल्लांसाठी असल्याचे पाहून आणा. या वयात दाणे आणि मऊ ओले खाद्य दोन्ही तोंडाला लागले, तर पुढे आजारपणात किंवा म्हातारपणी खाणे बदलावे लागले तरी ते हटून बसत नाही; वर इंदिरानगरच्या बाईंना जी खटपट करावी लागणार आहे ती तुम्हाला टळेल. दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्या : दोन वेळा ओले, दोन वेळा पाण्यात भिजवून मऊ केलेले दाणे. सहा महिन्यांनंतर जेवणे तीनवर आणा आणि वर्षाचे होईपर्यंत पिल्लांचेच खाद्य चालू ठेवा.

रस्सा मात्र आजपासून बंद करा. लासलगावच्या जिल्ह्यात आपण राहतो आणि कांद्याशिवाय आपला रस्सा होत नाही, पण कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात आणि अशक्तपणा येतो. थोडे थोडे रोज पोटात गेले तरी हा परिणाम साचत जातो. सुकटीत मीठ फार असते. बिनमिठाचे, बिनमसाल्याचे उकडलेले चिकन हाडे काढून अधूनमधून द्यायला हरकत नाही, पण त्यावरच वाढवू नका : नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असते आणि वाढत्या पिल्लाची हाडे ठिसूळ होऊन उडी मारतानाच मोडतात. भिजलेले होते म्हणता, तर एकदा दाखवून त्याला जंताचे औषध आणि लसींच्या तारखा ठरवून घ्या, आणि जाताना त्याचे वजन लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक आठवड्यात ते वाढताना दिसले पाहिजे.